तोंडी तक्रार ठरावात कशी आणाल?

चुडावा असो की पूर्णा तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव, ग्रामपंचायतीविषयी लोक काय बोलतात ते ऐकायला ग्रामपंचायतीत जावं लागत नाही. पारावर, हॉटेलात, स्टेशनवर नांदेडची गाडी येईपर्यंत सगळं कानावर पडतं. नळाला पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं. नाली तुंबलेली आहे. खांबावरचा दिवा गेला त्याला महिने झाले. शेतात जायचा रस्ता पावसाळ्यात काळ्या मातीत गुडघाभर रुततो. या तक्रारी खऱ्या असतात, पण त्या हवेत राहतात. पंचायत समितीचा विस्तार अधिकारी दप्तर तपासायला येतो तेव्हा तो पारावर बसत नाही, तो प्रोसिडिंगची वही उघडतो. त्या वहीत तुमची नाली नसेल तर सरकारी हिशेबात ती तुंबलेलीच नाही.

म्हणून हा लेख एकाच गोष्टीबद्दल आहे: बोललेलं कागदावर कसं आणायचं आणि आणल्यावर त्याचा पाठपुरावा कसा करायचा.

ग्रामसभा ही सरपंचाची किंवा पक्षाची सभा नाही. गावच्या मतदार यादीत ज्यांचं नाव आहे ते सगळे मिळून ग्रामसभा होते. आपल्या राज्यात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानेच तिला जागा दिली आणि २४ एप्रिल १९९३ पासून लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत स्थान मिळालं. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बहुतेक गावांत त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला किंवा त्यांच्या आसपास होतात. पुरेसं कारण नसताना सरपंच-उपसरपंचांनी ग्रामसभा घेतलीच नाही तर त्यांचं पद जाऊ शकतं, हे पुष्कळ गावकऱ्यांना ठाऊक नसतं. हे कुणाला धमकावण्यासाठी सांगत नाही. सभा भरवणं हा सरपंचाचा मोठेपणा नसून ती त्याची कायदेशीर जबाबदारी आहे, एवढं मनात पक्कं असलं की मागणी करताना आवाज चाचरत नाही.

पहिली तयारी मतदार यादीची. अठरा वर्षं पूर्ण झालेली मुलं-मुली आणि लग्न होऊन गावात आलेल्या सुना, या दोघांची नावं हमखास राहून जातात. सुनेचं नाव माहेरच्या यादीतच असतं, मग ती इथल्या नळाचं पाणी रोज भरत असली तरी इथल्या ग्रामसभेची सभासद नसते. नवीन नावासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलून नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरून बीएलओकडे (मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे) द्या. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारही तारखा आता पात्रतेसाठी धरल्या जातात, त्यामुळे वर्षभर थांबायचं कारण उरलेलं नाही.

आता विषयपत्रिका. ग्रामसभेची सूचना आधी फलकावर लागते, दवंडी होते, अलीकडे व्हॉट्सॲपवरही फिरते. ती लागल्यावर जागं होण्यापेक्षा आधीच, साध्या कागदावर सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या नावे अर्ज द्या: ‘येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पुढील विषय घ्यावा.’ (ग्रामसेवकाचं पदनाम २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं आणि इथेही तसंच म्हणू.) अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर तारीख, सही, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच म्हणजे तुमच्या सगळ्या पुढच्या वाटचालीचा पहिला कागद. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती तेच काम करते. विषय आधी देता आला नाही तर सभेत ‘आयत्या वेळच्या विषयां’मध्ये मांडता येतो, पण तिथे घाई असते, माणसं उठायला लागलेली असतात आणि अध्यक्षांच्या परवानगीचा प्रश्न येतो.

गणपूर्तीचं गणित लक्षात ठेवा. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर हवेत. कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे पहिल्या सभेला गाव आलं नाही तर दुसऱ्या सभेत मूठभर माणसं बसून गावाच्या नावाने ठराव करू शकतात आणि ते कायदेशीर असतात. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणातच अर्ध्या तासात उरकलेली सभा हा आपल्याकडचा जुना रोग आहे. त्यावरचा उपाय तक्रार नव्हे, उपस्थिती. आपल्या गल्लीतली वीस माणसं एकत्र घेऊन गेलात आणि शेवटच्या विषयापर्यंत थांबलात, तर सभेचा वेळ आपोआप वाढतो.

आणि आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तिच्याकडे येऊ. प्रत्येक विषयपत्रिकेवर पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. तो विषय पुकारला जातो तेव्हा लोक अजून चपला काढत असतात, खुर्च्या ओढत असतात, कुणीतरी ‘कायम, कायम’ म्हणतं आणि पुढचा विषय सुरू होतो. त्याच दोन मिनिटांत मागच्या सभेत तुम्ही जे बोललात त्याचं काय झालं ते ठरतं. तुमचा ठराव लिहिला गेला का? लिहिला तर ‘नाली बांधण्यात यावी’ असा की ‘नालीबाबत चर्चा झाली’ असा? या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर अंमलबजावणी मागता येते, दुसऱ्यावर काहीच मागता येत नाही. तेव्हा वेळेवर या आणि उभं राहून शांतपणे म्हणा, ‘इतिवृत्त पूर्ण वाचून दाखवावं.’ चुकीचं किंवा अर्धवट लिहिलेलं असेल तर कायम होण्यापूर्वी दुरुस्ती सुचवा आणि ती दुरुस्ती सुचवल्याचीही नोंद घ्यायला लावा.

हजेरीच्या वहीबद्दलही बोललं पाहिजे. सही सभेच्या ठिकाणी, सभेच्या दिवशी आणि तारीख घातलेल्या पानावरच करा. सभा झाल्यावर घरोघरी वही फिरवून सह्या-अंगठे घेतले जातात, ते, वही आणणारा माणूस ओळखीचा असला तरी, नाकारा. कोऱ्या पानावरची सही कुठल्या ठरावाखाली जाऊन बसेल हे तुमच्या हाती राहत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांना, हे बसून समजावून सांगा. माणसं भिडेपोटी अंगठा देतात.

ठराव नेमका असला की निम्मं काम होतं. ‘पाण्याची समस्या सोडवावी’ हा ठराव नव्हे, ती इच्छा झाली. त्याऐवजी असं लिहून न्या: ‘वॉर्ड क्रमांक अमुकमध्ये अमुक घरापासून तमुक घरापर्यंत नळयोजनेची पाइपलाइन नालीतून गेलेली असून ती जागोजागी फुटलेली आहे. ती वित्त आयोगाच्या बंधित निधीतून नालीबाहेर घेऊन अमुक तारखेपर्यंत बदलावी आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल पुढील ग्रामसभेत ठेवावा.’ खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं. यात काय, कुठे, कशातून, कधीपर्यंत हे चारही आलं. लिहिलेला कागद सभेत वाचा आणि ग्रामसेवकाच्या हाती द्या, म्हणजे त्यांना शब्द शोधावे लागत नाहीत आणि अर्थ बदलायला वाव राहत नाही. आठवडाभराने ठरावाची नक्कल मागा.

वर पाण्याचं उदाहरण घेतलं ते मुद्दाम. गावातल्या सगळ्या तक्रारींमध्ये हीच जिवावर बेतणारी आहे. आपल्या पट्ट्यातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. जमिनीच्या या हालचालीने पाइपांचे जोड सुटतात. त्यात नळाला पाणी सोडलेलं नसताना पाइप रिकामा असतो आणि आजूबाजूचं नालीचं पाणी फुटलेल्या जागेतून आत शिरतं. पहिल्या पावसानंतर येणारी गॅस्ट्रोची साथ बऱ्याचदा इथूनच सुरू होते. ग्रामपंचायतीने पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणं बंधनकारक आहे आणि ती टाकली की नाही हे पाहायला जलसुरक्षक नेमलेला असतो. पण टाकीत पावडर टाकली म्हणजे काम झालं असं नाही. गावातल्या शेवटच्या नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे आणि ते ओटी चाचणीने दोन मिनिटांत कळतं: पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन आहे, रंग आलाच नाही तर नाही. ही चाचणी टाकीजवळच्या नळावर न करता तुमच्या गल्लीच्या टोकाला करून दाखवा, अशी मागणी करा.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासणी करतो आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देतो. आपल्या गावाला कोणतं मिळालं, हा प्रश्न ग्रामसभेत दरवर्षी विचारण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला मिळावं असं ठरलं आहे आणि गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत? किट कुणाच्या घरी आहे? आणखी एक, फार महत्त्वाचं: ‘हर घर जल’ म्हणून गाव जाहीर करताना ग्रामसभेचा ठराव लागतो. एका जरी गल्लीत नळ कोरडा असेल तर त्या ठरावाला हात वर करू नका. एकदा कागदोपत्री पाणी पोहोचलं की प्रत्यक्षात ते पोहोचवण्याची निकड कुणालाच राहत नाही.

प्रत्येक गोष्ट मात्र ग्रामपंचायतीच्या हाती नाही. गावातली नाली, अंतर्गत रस्ता, खांबावरचा दिवा, पाणी, कचरा, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद, हे ग्रामपंचायतीचं. खांबावरचा दिवा तिचा, पण खांब आणि तार महावितरणची. रेशन दुकानाची तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. तिथे आधी बोला. चुडाव्यासारख्या रेल्वेमार्गावरच्या गावात फाटक, भुयारी मार्गात साचणारं पाणी, गाडीचा थांबा हे प्रश्न येतात. तिथे ग्रामपंचायत स्वतः काही बांधू शकत नाही, पण तिचा ठराव जोडून नांदेडच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना पत्र गेलं तर ते एका माणसाच्या अर्जापेक्षा जड असतं.

शेतरस्त्याचा वाद सगळ्यात जास्त भांडणं लावतो, म्हणून थोडं सविस्तर. वहिवाटीचा रस्ता कुणी नांगरून किंवा काट्या टाकून अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करायचा असतो. शेताला रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागायचा असतो. हे दोन अर्ज वेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरा केला की वर्षं वाया जातात. अडवणूक झाल्यावर सहा महिन्यांच्या आत मामलेदार न्यायालयात जावं लागतं, तेव्हा भाऊबंदकीतली समजूत घालत बसताना तारखेवर डोळा ठेवा. हाणामारीपर्यंत जाऊ देऊ नका. गावात पोलीस ठाणं असलं तरी रस्ता देण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

पैशाबद्दल विचारायला लोक बिचकतात. बिचकू नका. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२५-२६ पर्यंतचा निधी राज्यातल्या पंचायतींना वाटताना ८० टक्के थेट ग्रामपंचायतींना आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला दिला गेला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित होता, म्हणजे तो स्वच्छता आणि पाणी यांवरच खर्चायचा होता. बाकीचा ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. नाली आणि पाणी यांसाठी निधी नाही असं उत्तर मिळालं तर बंधित निधी किती आला होता आणि कुठे गेला, हा पुढचा प्रश्न. याशिवाय स्वतःच्या उत्पन्नातून ग्रामपंचायतीने १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गावातल्या दिव्यांग बांधवांना हे कुणी सांगतच नाही. कुणी तरी त्यांच्यासोबत जाऊन तो हिशेब मागितला पाहिजे, आणि हे काम गावातल्या शिकलेल्या मुलांनी अंगावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मोबाइलवर ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळ उघडून जिल्हा, तालुका आणि गाव निवडलं की मंजूर आराखडा, आलेला निधी आणि दिलेली देयकं दिसतात. ती पानं छापून सभेत न्या.

मागायचं तर भरायलाही हवं. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली असताना ग्रामसभेतला आवाज आपोआप खाली येतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर भरणाऱ्या घरांना दळण फुकट दळून द्यायला सुरुवात केली आणि तिथे लोक आपणहून पट्टी भरू लागले. त्या गावाकडून शिकण्यासारखं आहे ते हेच, की भरलेला पैसा लोकांना दिसला पाहिजे. कर भरला की नमुना १० ची पावती घ्याच. ग्रामपंचायत सदस्यांना नियम आणखी कडक आहे: रीतसर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यपद धोक्यात येतं. घराच्या नमुना ८ बद्दलचा एक मोठा गैरसमजही दूर व्हायला हवा. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. केवळ त्याच्यावर विसंबून जागेचा व्यवहार करू नका. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिली जाते. तिच्यावरचं नाव आणि क्षेत्र तपासून चूक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात लगेच हरकत द्या.

इतकं करूनही ठराव वहीतच पडून राहिला, तर माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्याखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रामसेवकाकडेच, अर्ज करायचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना शुल्क नाही. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो. ‘काम का केलं नाही?’ असं विचारू नका, कारण कारणं सांगायला ते बांधील नाहीत. कागद मागा: त्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, दिलेल्या देयकांच्या प्रती, ठरावाची नक्कल. मोजमाप पुस्तिका दुसऱ्या कार्यालयात असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत समितीतल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. भांडणाचा राग अर्जात उतरू देऊ नका. थंड डोक्याने लिहिलेल्या अर्जाला टोलवणं अवघड जातं.

दाखले अडवले जात असतील तर रस्ता वेगळा आहे. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये जन्म-मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणी, नमुना ८ चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला अशा सेवांना दिवसांची मुदत ठरवून दिली आहे आणि या मुदतींचा फलक ग्रामपंचायतीत लावलेला असला पाहिजे. कारण नसताना मुदत मोडली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘साहेब आज मीटिंगला गेलेत’ हे उत्तर दोनदा ऐकलं की ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज भरून टाका. तिथे मुदत संगणक मोजतो.

गावातून दाद मिळाली नाही तर आधी पूर्ण्याला गटविकास अधिकाऱ्यांकडे जा, मग परभणीला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. एकदम वर उडी मारू नका, कारण वरून तोच अर्ज खालीच चौकशीला येतो आणि खाली आधी कळवल्याची पोच नसली की वेळ फुकट जातो. दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याला आणि पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकशाही दिन असतो. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. तेव्हा ‘गावात पाणी नाही’ असं न लिहिता ‘माझ्या घरच्या नळाला अमुक तारखेपासून पाणी नाही’ असं लिहा आणि गल्लीतल्या प्रत्येक घराने स्वतंत्र अर्ज द्या. कोर्टात चाललेली प्रकरणं तिथे घेत नाहीत.

बायकांसाठी एक वेगळी वाट आहे आणि ती कमी वापरली जाते. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे पाण्याचा, दारूचा, अंगणवाडीचा विषय मोकळेपणाने मांडता येतो, कारण समोर सासरे-दीर बसलेले नसतात. त्या सभेतल्या शिफारशी ग्रामसभेपुढे याव्यात यासाठी बचत गटातल्या दोघी-तिघींनी लिहिलेला कागद घेऊन ग्रामसभेलाही हजर राहावं. गावात परवान्याचं दारू दुकान असेल तर ते बंद करण्यासाठी किमान पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान घेतलं जातं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीच्या, म्हणजे दुकान बंदच्या, चिन्हाला पडली की दुकान बंद होतं. लक्षात घ्या, निम्म्याहून अधिक हे हजर असलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण महिलांपैकी. म्हणजे घरी राहिलेली प्रत्येक बाई दुकान चालू ठेवायच्या बाजूने मोजली जाते. तेव्हा मागणीचा अर्ज करण्याआधी मतदार यादी हाती घ्या, कोण माहेरी गेली आहे, कोण कामासाठी नांदेडला किंवा आणखी लांब आहे ते लिहून काढा, आणि त्या सगळ्या गावात असतील असाच महिना निवडा.